बटण दाबण्याआधी जठर धुवा : सुरुवातीचा जठराचा कर्करोग एंडोस्कोपीत कसा पकडायचा

इंदुरात गॅस्ट्रोस्कोपीला येणारे बहुतेक लोक गॅस, जळजळ किंवा करपट ढेकरांची तक्रार घेऊन येतात. कर्करोगाची शंका कुणाच्याच मनात नसते. ना रुग्णाच्या, ना चिठ्ठी लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्या. तरीही सुरुवातीचा कर्करोग सापडायचा तर तो याच तपासणीत सापडणार. दक्षिण कोरियात चाळिशीनंतर आणि जपानमध्ये पन्नाशीनंतर ठरावीक वर्षांनी जठराची तपासणी सरकारी कार्यक्रमातून होते. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, जठर नाही. मिझोराम किंवा चेन्नईच्या मानाने मध्य भारतात हा आजार कमी आहे हे खरं, पण जो सापडतो तो बहुतेकदा वाढलेलाच सापडतो. वजन उतरणं, काळी शौच, खाल्लेलं उलटून पडणं ही लक्षणं दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. सुरुवातीचा रोग दुखत नाही.

सुरुवातीचा म्हणजे काय, हे जपानी एंडोस्कोपी संस्थेने १९६२ सालीच ठरवलं : कर्करोग जठराच्या अस्तरात किंवा फार तर त्याखालच्या सबम्युकोसा थरापर्यंतच असला पाहिजे, मग लसिका गाठींमध्ये गेलेला असो वा नसो. या टप्प्यावर उपचार झालेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोक पाच वर्षांनंतरही हयात असतात, आणि अनेकांना पोट उघडावंही लागत नाही.

हा लेख एंडोस्कोपी शिकणाऱ्या आणि रोज करणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी आणि त्यांच्या तंत्रज्ञांसाठी आहे. रुग्णाच्या घरच्यांनी वाचला तर उत्तमच. माझं मत आधीच सांगून टाकतो. एनबीआय, बीएलआय, एलसीआय (स्कोपचं बटण दाबून प्रकाशाचे रंग बदलणारे मोड) आणि मॅग्निफिकेशन (जागा मोठी करून बघणं) ही सगळी साधनं आधी पडलेल्या प्रश्नाचं उत्तर देतात. प्रश्न पडायला मात्र स्वच्छ जठर, वेळ आणि साध्या पांढऱ्या प्रकाशात बघायची सवय लागते. जपानमध्ये साडेचार हजारांहून अधिक जास्त जोखमीच्या रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत, नव्या पिढीच्या एनबीआयने शोधलं काय आणि पांढऱ्या प्रकाशाने शोधलं काय, सुरुवातीचे कर्करोग सापडण्यात ठोस फरक दिसला नाही. उलट बाजूही बघा : वरच्या पचनमार्गाच्या कर्करोगांवरच्या अभ्यासांचं २०१४ साली एकत्रित विश्लेषण झालं, त्यात सुमारे ११ टक्के रुग्णांची निदानाआधीच्या तीन वर्षांत एंडोस्कोपी झाली होती आणि तेव्हा रोग हातून निसटला होता. त्यातल्या कितीतरी जागा कॅमेऱ्यासमोरून गेल्या असणार.

कुणासाठी जास्त वेळ राखून ठेवायचा

सकाळच्या लांब यादीत प्रत्येकाला सारखा वेळ देणं जमत नाही, म्हणून आदल्या दिवशीच यादीवर खुणा करा. आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांपैकी कुणाला जठराचा कर्करोग झालेला. पूर्वीच्या बायोप्सीत ॲट्रॉफी (अस्तर झिजणं) किंवा इंटेस्टायनल मेटाप्लेझिया (जठराचं अस्तर आतड्याच्या अस्तरासारखं होणं) आलेला. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेला. पन्नाशीपुढचा आणि कारण न सापडलेली रक्ताची कमतरता असलेला. वर्षानुवर्षं विडी-सिगारेट ओढणारा. अशांना यादीत पहिले घ्या. तेव्हा तुमचे डोळे ताजे असतात आणि बाहेर गर्दी जमलेली नसते.

बी-१२ कमी असलेल्यांबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं इतकं नेहमीचं आहे की इंजेक्शनं सुरू होतात आणि विषय तिथेच संपतो. त्यातल्या काहींना मात्र ऑटोइम्यून जठरदाह असतो. त्यात अँट्रम (जठराचा खालचा, शेवटचा भाग) बराचसा शाबूत राहतो आणि वरची बॉडी (मधला मोठा भाग) झिजते, म्हणजे हेलिकोबॅक्टर या जठरातल्या जंतूच्या नेहमीच्या चित्राच्या अगदी उलट. बॉडीत घड्या सपाट आणि रक्तवाहिन्या उघड्या दिसल्या, खाली अँट्रम मात्र ठीक दिसला, तर ही शक्यता लिहून ठेवा.

चालू असलेल्या औषधांची यादीही बघा. पँटोप्राझोलसारख्या गोळ्या लोक चिठ्ठीशिवाय महिनोन्‌महिने घेतात. त्या गोळ्यांनी कर्करोगाचा अल्सरसुद्धा काही काळ भरून येतो, वर नवं अस्तर चढतं आणि जखम बरी झाल्यासारखी दिसते. म्हणून जठराचा अल्सर पाहिला की बायोप्सी, आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा एंडोस्कोपी, रुग्णाला कितीही बरं वाटत असलं तरी. हेलिकोबॅक्टरची चाचणी करायची असेल तर या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक्स चार आठवडे आधी थांबलेली हवीत, नाहीतर जंतू असूनही चाचणी नकारात्मक येऊ शकते.

उपाशीपोट, आणि त्यापुढचं

इंदुरात “उपाशीपोटी या” एवढं सांगून भागत नाही. सकाळचे पोहे इथे खाण्यात मोजत नाहीत. “काही खाल्लं का काका?” म्हटलं की “नाही, काही नाही,” आणि स्कोप आत गेल्यावर शेव, जिरावण मसाला आणि मोहरी. तेव्हा चिठ्ठीवर स्पष्ट लिहा : घन पदार्थ किमान सहा तास नाही, पोहे, चहा, दूध नाही, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल. जुना मधुमेह असणाऱ्यांचं आणि वजनासाठी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं घेणाऱ्यांचं जठर उशिरा रिकामं होतं, त्यांना आदल्या रात्रीपासून हलकं किंवा पातळच खायला सांगा.

रिकामं जठर आणि स्वच्छ जठर यांत फरक आहे. उपाशी माणसाच्या जठरातही फेस आणि चिकट श्लेष्मा असतो, आणि सपाट, खोलगट, नखाएवढा कर्करोग नेमका त्याच पडद्याखाली असतो. यावर स्वस्तातला उपाय आहे. साधारण १०० मिली पाण्यात एन-ॲसिटिलसिस्टीन ६०० मिलिग्रॅम आणि सिमेथिकोन १०० मिलिग्रॅम मिसळून तपासणीआधी २० ते ३० मिनिटं प्यायला द्या. सिमेथिकोन फेस मोडतं, एन-ॲसिटिलसिस्टीन श्लेष्मा पातळ करतं. विरघळणारी ६०० मिलिग्रॅमची गोळी कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते. दम्याच्या रुग्णाला एन-ॲसिटिलसिस्टीन जपून. जपानमध्ये याऐवजी प्रोनेझ वापरतात. आपल्याकडे त्याच्यामागे धावण्याची गरज नाही. हा पेला देण्याचं काम प्रतीक्षागृहातल्या सिस्टरकडे सोपवा आणि वेळ कागदावर लिहायला लावा. डॉक्टरांच्या आठवणीवर सोडलेली गोष्ट तिसऱ्या दिवशी बंद पडते.

आत गेल्यावर सिमेथिकोन वापरायचंच असेल तर थोडं, पातळ करून, सिरिंजने वर्किंग चॅनलमधून. पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नका, त्याचे कण स्कोपच्या अरुंद नळ्यांत चिकटून राहतात आणि धुतल्यावरही निघत नाहीत.

आता सेडेशन, म्हणजे गुंगी. घशात लिग्नोकेनचा फवारा मारून तीन मिनिटांत मोकळं व्हायची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, कारण रुग्णाला लगेच घरी जायचं असतं आणि खर्चही वाचतो. पण सतत ओकारी येणाऱ्या माणसाचं जठर हवेने फुगून राहत नाही, आणि न फुगलेल्या जठराच्या घड्यांमध्ये काहीही लपतं. जोखमीच्या रुग्णाला मिडाझोलामचा पर्याय नक्की द्या, सोबत कुणीतरी आणायला सांगा, ऑक्सिजन मोजणारी क्लिप बोटाला लावा. आकुंचनं फार असतील तर हायोसिन ब्यूटिलब्रोमाइड २० मिलिग्रॅम शिरेतून. त्याआधी काचबिंदू, लघवी अडकणं आणि हृदयाची अनियमित वेगवान गती यांबद्दल विचारल्याशिवाय नाही.

पांढऱ्या प्रकाशातली फेरी

घड्याळ मॉनिटरशेजारी, डोळ्यांसमोर असू द्या. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वं पहिल्या निदानात्मक एंडोस्कोपीला स्कोप आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत किमान सात मिनिटं सांगतात. सिंगापूरच्या २०१५ सालच्या अभ्यासात, ज्यांना सामान्य तपासणीला सरासरी सात मिनिटांहून जास्त लागत होती अशा डॉक्टरांना धोकादायक जागा जवळजवळ दुप्पट सापडल्या होत्या. वेळेने रोग सापडतो असं नव्हे. वेळ देणारा माणूस धुतो, फुगवतो, पुन्हा वळून बघतो.

आधी पाण्याने धुवा. जमलेलं पाणी ओढून घ्या, पण टोक अस्तराला टेकवून ओढू नका. सक्शनने उठलेले लाल ठिपके नंतर तुम्हालाच फसवतात. मग हवा, किंवा असेल तर कार्बन डायऑक्साइड, इतका भरा की ग्रेटर कर्व्हच्या (जठराच्या बाहेरच्या, लांब वळणाच्या) घड्या एकमेकींपासून सुट्या होतील. भरपूर हवा भरूनही घड्या उलगडत नसतील, जाड आणि ताठ राहत असतील, तर तिथेच थांबा. लिनायटिस प्लास्टिका नावाचा पसरणारा कर्करोग असाच असतो. वरचं अस्तर जवळपास सामान्य दिसतं आणि वरवरची बायोप्सी पुष्कळदा नकारात्मक येते.

फेरी रोज एकाच क्रमाने करा. जपानचे केन्शी याओ यांनी सुचवलेली पद्धत शिकायला सोपी आहे. सरळ स्कोपने अँट्रमचे चार चतुर्थांश, बॉडीच्या खालच्या भागाचे चार, मधल्या आणि वरच्या भागाचे चार. मग स्कोप उलटा वळवून फंडस (जठराचा वरचा घुमट) आणि कार्डिया (अन्ननलिकेकडचं तोंड) यांचे चार, बॉडीच्या वरच्या-मधल्या भागाचे तीन आणि इन्सिझुराचे (बॉडी आणि अँट्रम यांमधल्या वळणाचे) तीन. एकूण २२ फोटो. सुरुवातीला हे कंटाळवाणं वाटतं. पण जागेचा फोटो काढायचा तर ती जागा फ्रेममध्ये आणावीच लागते, आणि या पद्धतीचा खरा फायदा तोच. २२ काढणं जमत नसेल तर निदान दहा चांगले, धुतलेल्या जागांचे फोटो काढा. धूसर चाळीसपेक्षा ते बरे.

लपण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. बॉडीच्या वरच्या भागातली मागची भिंत पहिल्या क्रमांकावर. स्कोप तिच्यावरून सरकत जातो आणि आपण तिला तिरकं, ओझरतं पाहतो. इन्सिझुराची कड. कार्डियाच्या अगदी खालचा भाग, जो स्कोपच्या नळीमागेच दडतो. नळी डावीउजवीकडे फिरवल्याशिवाय तो दिसतच नाही. पायलोरसच्या (जठराच्या आतड्याकडच्या तोंडाच्या) अलीकडचा लेसर कर्व्ह, म्हणजे आतलं आखूड वळण. आणि ग्रेटर कर्व्हवरच्या दोन घड्यांमधली दरी. डाव्या कुशीवर झोपलेल्या माणसाचं पाणी फंडसमध्ये साचतं, ते ओढून घेतल्याशिवाय “फंडस सामान्य” असं लिहू नका.

काय शोधायचं? गाठ शोधू नका. पॅरिसच्या २००२ सालच्या वर्गीकरणात वरवरच्या रोगाचे प्रकार आहेत : उंचावलेला ०-१, किंचित उंच ०-२ए, सपाट ०-२बी, किंचित खोल ०-२सी, आणि खड्डा पडलेला ०-३. प्रत्यक्षात यांतला खोलगट ०-२सी सर्वाधिक भेटतो, आणि तो साध्या वरवरच्या ओरखड्यासारखा, इरोझनसारखा दिसतो. दोघांतला फरक ओळखायला एक खूण फार उपयोगी पडते : जठरदाहाचे इरोझन घोळक्याने असतात, कर्करोग एकटा असतो. अँट्रममध्ये सारख्या दिसणाऱ्या दहा लाल खुणा असतील तर श्वास घ्या. त्यांत एकच निराळी असेल, एका बाजूला लांबलेली, कडा दातेरी, तर तिच्याकडे परत जा. रंगाचा फरक, आजूबाजूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचं जाळं अचानक तुटणं, हात न लावता झालेला रक्ताचा ठिपका, घड्या एका बिंदूकडे ओढल्या जाऊन मध्येच निमुळत्या होणं, यांतली कोणतीही एक खूण पुरे. पेशींची रचना टिकवून असलेला कर्करोग सहसा लालसर असतो. तरुणांत आणि स्त्रियांत तुलनेने जास्त दिसणारा सिग्नेट-रिंग प्रकार पुष्कळदा फिकट, निस्तेज डागासारखा असतो. लाल शोधणारा डोळा फिकटाला चुकतो. रेसिडेंट डॉक्टरांना शिकवताना हे एक वाक्य मला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

संशय आला की हवा काढून पुन्हा भरा. अस्तरापुरता असलेला रोग हवेबरोबर पसरतो आणि आकसतो. हवा पूर्ण भरल्यावरही जो भाग ताठ राहून उंचवट्यासारखा उठतो, तिथे रोग सबम्युकोसात खोल गेल्याची शक्यता असते. खोली ठरवायला ही युक्ती महागड्या यंत्राइतकी कामाची आहे.

जठराची जमीन कशी आहे ते वाचा

कर्करोग बहुधा सुपीक जमिनीतच उगवतो, आणि ती जमीन हेलिकोबॅक्टर पायलोरी तयार करतो. वॉरन आणि मार्शल यांनी १९८२ साली हा जंतू वेगळा केला, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ साली त्याला पहिल्या गटातला कर्करोगकारक ठरवलं. आपल्याकडे संसर्ग सर्रास आणि कर्करोग त्या मानाने कमी, हे कोडं आजही सुटलेलं नाही. पण एकेका रुग्णापुरतं बोलायचं तर झिजलेलं जठर म्हणजे जास्त धोका.

बॉडीच्या खालच्या भागात लेसर कर्व्हवर जवळून बघा. तिथे सारख्या अंतरावर बारीक ताऱ्यांसारखे लाल ठिपके दिसले, तर ती गोळा करणाऱ्या शिरांची नियमित मांडणी, म्हणजेच आरएसी. ती स्पष्ट असेल तर जठरात हेलिकोबॅक्टर नसण्याची शक्यता खूप जास्त. ती नसेल, अस्तर फिकट आणि पातळ होऊन आतल्या वाहिन्या दिसत असतील, तर झिजेची सीमा कुठवर गेली ते बघा. किमुरा-ताकेमोतो वर्गीकरण १९६९ सालचं आहे, तरी अजून याच्याइतकं हाताशी येणारं दुसरं नाही : सीमा लेसर कर्व्हवरच थांबली तर सी-१ ते सी-३, कार्डिया ओलांडून ग्रेटर कर्व्हकडे उतरली तर ओ-१ ते ओ-३. ‘ओ’ गटातल्या रुग्णाची फेरी पुन्हा एकदा करा. पिवळसर झँथोमा (चरबीचे ठिपके) दिसले तरी तेच करा. ते स्वतः निरुपद्रवी, पण झिजलेल्या जठरात आढळतात.

इथे फुजीफिल्मच्या यंत्रातला एलसीआय मोड खरोखर कामाचा आहे. तो लाल रंग जास्त लाल आणि फिकट जास्त फिकट करतो, आणि प्रकाश पुरेसा असल्याने दुरूनही वापरता येतो. त्यात इंटेस्टायनल मेटाप्लेझिया जांभळट आणि कर्करोग पुष्कळदा नारिंगी-लाल दिसतो. जपानमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आधी एलसीआयने पाहिलेल्यांत ८ टक्के, तर आधी पांढऱ्या प्रकाशाने पाहिलेल्यांत ४.८ टक्के रुग्णांना घशापासून जठरापर्यंत कुठेतरी निओप्लाझम (कर्करोग किंवा त्याआधीची वाढ) सापडला. तुमच्याकडे हे यंत्र असेल तर शोधण्यासाठीच वापरा. पेंटॅक्सचा आय-स्कॅन आणि ऑलिंपसच्या एव्हिस एक्स-१ मधला टीएक्सआय हेही दुरून बघण्यासाठीच आहेत.

संशयित जागेवर एनबीआय

एनबीआयमध्ये प्रकाश ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या दोन अरुंद पट्ट्यांत येतो. हे दोन्ही हिमोग्लोबिन शोषून घेतं, त्यामुळे वरच्या थरातल्या केशवाहिन्या तपकिरी आणि खोलातल्या निळसर-हिरव्या दिसतात. बीएलआय याच तत्त्वावर चालतो. मोठ्या, मोकळ्या जठरात पहिल्या पिढीचा एनबीआय अंधारा पडतो, म्हणून जवळ जाऊन वापरायचा.

तयारी अशी. स्कोपच्या टोकाला मऊ काळी टोपी बसवा, म्हणजे अंतर स्थिर राहतं. ऑप्टिकल मॅग्निफिकेशनचा स्कोप सुमारे ८० पटींपर्यंत मोठं दाखवतो. तो आपल्याकडे थोड्याच ठिकाणी आहे. ऑलिंपसच्या १९० मालिकेतला निअर-फोकस त्याच्या साधारण निम्म्यावर येतो, आणि सरावाने त्यावरही काम भागतं. जागा आधी पाण्याने हळुवार धुवा. टोपीचा धक्का रोगाला लागू देऊ नका. एकदा रक्त आलं की एनबीआयमध्ये ते काळं पसरतं आणि पुढचं काही वाचता येत नाही. पित्त मात्र लालसर दिसतं, त्याला रक्त समजू नका. जागेवर पाणी भरून, पाण्याखालून पाहिलं तर चकाकी जाते आणि चित्र एकदम स्पष्ट होतं.

आता बाहेरून आत या. आधी शेजारच्या निरोगी अस्तरावर फोकस करा. अँट्रममध्ये केशवाहिन्या गुंडाळलेल्या वेटोळ्यांसारख्या असतात, बॉडीत गोल छिद्रांभोवती षटकोनी जाळं असतं. मग हळूहळू रोगाच्या कडेकडे सरका आणि पहिला प्रश्न विचारा : सीमारेषा आहे का? नसेल, तर कर्करोगाची शक्यता बरीच कमी. असेल, तर दुसरा प्रश्न : रेषेच्या आत वाहिन्यांची किंवा पृष्ठभागाच्या नक्षीची रचना अनियमित आहे का? म्हणजे आकार, जाडी आणि मांडणी एकमेकींशी जुळत नाहीत, एक वाहिनी शेजारच्या वाहिनीसारखी नाही. सीमारेषा आणि अनियमितता दोन्ही असतील तर सुरुवातीचा कर्करोग धरून चाला. याओ यांच्या व्हीएस (वाहिन्या आणि पृष्ठभाग) पद्धतीवरून २०१६ साली जपानी संस्थांनी मान्य केलेली मेसडा-जी ही मांडणी एवढीच आहे, आणि तिची ताकद तिच्या साधेपणात आहे. दहा मिलिमीटरपर्यंतच्या खोलगट जागांवर २०११ साली झालेल्या चाचणीत पांढऱ्या प्रकाशाची अचूकता सुमारे ६५ टक्के, मॅग्निफिकेशनसह एनबीआयची ९० टक्के, आणि आधी पांढरा प्रकाश व मग एनबीआय अशी जोडी केली तर जवळपास ९७ टक्के आली. क्रम महत्त्वाचा आहे तो यामुळे.

फसवणाऱ्या दोन-तीन गोष्टी इथे ठेवून द्या. इंटेस्टायनल मेटाप्लेझियाच्या कडांवर निळसर-पांढरी बारीक रेघ चमकते, तिला लाइट ब्लू क्रेस्ट म्हणतात. तीही सीमा असल्याचा भास देते, पण आतली नक्षी नियमित असते. कधी पृष्ठभागावर चरबीचे पांढरे अपारदर्शक कण असतात आणि वाहिन्या झाकतात. मग त्या कणांचीच मांडणी बघायची. सिग्नेट-रिंग प्रकारात रोग अस्तराच्या मधल्या थरात पसरतो, वर निरोगी पेशींचं आवरण राहतं, आणि सीमारेषा सापडतच नाही. फिकट डागात नागमोडी, तुटक वाहिन्या दिसल्या किंवा नुसतीच शंका राहिली तर मेसडा-जीवर न अडता बायोप्सी घ्या. आणि हेलिकोबॅक्टरवर उपचार झालेल्या जठरातला कर्करोग जठरदाहाचं सोंग घेतो, कारण त्याच्यावर सौम्य पेशींचा थर चढतो.

कॉन्फोकल मायक्रोस्कोपी, ऑटोफ्लुरोसन्स वगैरे संशोधन केंद्रांपुरतं आहे, सोडून द्या. कृत्रिम बुद्धिमत्तेची सहायक साधनं येत आहेत. न पाहिलेली जागा दाखवून देणं हे त्यांचं मला सर्वात आवडलेलं काम. न धुतलेलं जठर मात्र त्यांनाही वाचता येत नाही.

यंत्र जुनं असेल तर

माळवा आणि निमाडातल्या लहान गावांत जुने स्कोप अजून चालू आहेत, आणि तिथे काम करणाऱ्यांनी निराश व्हायचं कारण नाही. इंडिगो कार्माइन ०.१ ते ०.४ टक्के स्प्रे-कॅथेटरने, किंवा सरळ सिरिंजने, संशयित जागेवर सोडा. हा रंग शोषला जात नाही, खोलगट भागात साचतो आणि कडा उठून येतात. त्याआधी १.५ टक्के ॲसिटिक आम्ल शिंपडलं तर अस्तर काही वेळ पांढरं पडतं. कर्करोगाचा भाग हे पांढरेपण लवकर गमावतो आणि लालसर होऊन उघडा पडतो. दोन्ही मिळून वापरले तर सीमा आणखी स्पष्ट होते. रंग सोडण्याआधी जागा धुतलेली हवी, नाहीतर श्लेष्माच निळा होतो.

बायोप्सी आणि कागद

बायोप्सीआधी फोटो, नंतर नाही. दूरचा, मधला, जवळचा, आणि एनबीआयमधला. संशयित जागेतून सीमारेषेच्या आतल्या सर्वांत अनियमित भागातले एक किंवा दोनच तुकडे घ्या. सहा-आठ ओरबाडले तर खाली व्रण तयार होतो आणि नंतर ईएसडीने, म्हणजे स्कोपमधूनच, तो भाग सोलून काढणाऱ्याचं काम अवघड होतं. मोठ्या, उघड कर्करोगात पुष्कळ तुकडे घ्यायचा नियम इथे लावायचा नाही. जमीन तपासण्यासाठीचे पाच तुकडे निराळे : अँट्रममधून दोन, इन्सिझुरावरून एक, बॉडीतून दोन. प्रत्येक भागाची बाटली वेगळी, तिच्यावर जागेचं नाव. सगळे तुकडे एकाच बाटलीत घातले की झीज कुठवर पोचली ते पॅथॉलॉजिस्टला सांगता येत नाही, आणि धोका तर त्यावरच ठरतो.

चिठ्ठीवर “जठरदाह, बायोप्सी” एवढंच लिहून पाठवू नका. जागा, आकार मिलिमीटरमध्ये, पॅरिस प्रकार, सीमारेषा आहे की नाही, तुमचा संशय, आधीचे हेलिकोबॅक्टर उपचार, सगळं लिहा. उत्तर तुमच्या नजरेशी जुळत नसेल तर फोन उचला आणि स्लाइड एकत्र बघा. “डिसप्लेझिया (कर्करोगाआधीचे पेशींमधले बदल) निश्चित सांगता येत नाही” असा अहवाल आला तर जंतूवर उपचार करून पुन्हा स्कोप. दिसणाऱ्या जागेतून हाय-ग्रेड डिसप्लेझिया आला तर वाट पाहण्यात अर्थ नाही; काढून पाहिल्यावर अशा पुष्कळ जागा कर्करोग निघतात.

ईएसडी कुणाला चालेल याचे निकष ठरलेले आहेत. रोग अस्तरापुरता, पेशींची रचना टिकवून असलेला आणि अल्सर नसेल तर आकाराची अट नाही; अल्सर असेल तर तीन सेंटिमीटरपर्यंत; रचना हरवलेला प्रकार असेल तर अल्सरशिवाय दोन सेंटिमीटरपर्यंत. हे काम नियमित करणाऱ्या केंद्राकडेच पाठवा. इंदूरकर बहुतेकदा मुंबई गाठतात. अवंतिका एक्स्प्रेसने जाणाऱ्या काकूंच्या हातात मूळ फोटो, पेनड्राइव्ह आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) असू द्या, नुसता छापील रिपोर्ट नको.

घरच्यांनी काय विचारावं

विचारण्यात संकोच नको, चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. तपासणीआधी फेस मोडणारं औषध प्यायला देणार का? गुंगी देता येईल का? रिपोर्टबरोबर फोटो मिळतील का? अल्सर निघाला तर पुन्हा कधी बघायचं? आणि आपल्या बाजूने एक गोष्ट न विचारता सांगा : घरात कुणाला जठराचा कर्करोग झाला होता का. “आजोबा पोटाच्या दुखण्याने गेले” एवढंच माहीत असेल तर तेही सांगा.

पुढची तारीख

युरोपीय तत्त्वांनुसार झीज किंवा मेटाप्लेझिया अँट्रम आणि बॉडी दोन्हीकडे पसरलेला असेल तर दर तीन वर्षांनी चांगल्या प्रतीची एंडोस्कोपी. सोबत रक्ताच्या नात्यात जठराचा कर्करोग असेल तर एक ते दोन वर्षांनी. फक्त अँट्रमपुरता सौम्य बदल असेल आणि दुसरा धोका नसेल तर पाठलाग नको, विनाकारण भीती घालू नका. हेलिकोबॅक्टर सापडला की उपचार, आणि उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची चाचणी करून तो गेल्याची खात्री. जंतू गेला तरी झिजलेल्या जठराची तपासणी चालूच राहते. “जंतू गेला, आता काही नको” ही समजूत रुग्णाची असते तशी काही डॉक्टरांचीही असते.

तारीख “दिवाळीनंतर कधीतरी या” अशी तोंडी सांगू नका. महिना आणि वर्ष रिपोर्टच्या पहिल्या पानावर छापा, आणि यावेळचे फोटो तुमच्याकडेही जपा. तीन वर्षांनी येणारा डॉक्टर दुसरा असेल, यंत्र दुसरं असेल. मागच्या भिंतीवरचा तो फिकट डाग तेव्हाही होता की नव्हता, हे त्याला त्या फोटोंवरूनच कळणार आहे.